फटाके साडेनऊला, पण आधी नऊ इनिंग

ओक ट्री रोडवर शुक्रवारी संध्याकाळी पार्किंग मिळालं की निम्मा वीकेंड सार्थकी लागतो. आमचा कट्टा म्हणजे न्यू जर्सीत इझलिनमधल्या एका चहाच्या दुकानाबाहेरची बुटकी भिंत. तिच्यावर चौघं मावतात, पाचव्याने उभं राहायचं. पाचवा बहुतेक मीच.

विषय चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या लाँग वीकेंडचा. गेल्या वर्षीचं सगळ्यांना आठवतंय, त्यामुळे ते उगाळत नाही. (मध्याच्या ‘कुणालाच माहीत नसलेल्या’ जागेवरून फटाके दिसले नाहीत, एका गोदामाची मागची भिंत दिसली. झालं, उगाळलं.) यंदा मध्याने तोंड उघडायच्या आत शुभांगीने सांगून टाकलं. ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स या बेसबॉल टीमची मॅच बघायची आणि मॅच संपली की तिथेच बसून फटाके.

मध्याने फोन काढला. मध्याच्या फोनात प्रत्येक गोष्टीची एक्सेल असते. त्याच्या मुंजीची एक्सेल नाही, कारण तेव्हा एक्सेल नव्हती.

“हे बघा. मॅच सातला. फटाके साडेनऊच्या पुढे. म्हणजे अडीच तास नुसते वाया. त्यात अकरा माणसांची तिकिटं. त्यापेक्षा नऊला निघायचं, आसपासच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, डिकी उघडून खुर्च्या टाकायच्या. आकाश काय तिकीट मागतं?”

“लग्नाला पंगतीच्या वेळी उगवणाऱ्यातला तू,” शुभांगी म्हणाली. “आणि आहेराच्या पाकिटात शुभेच्छा.”

शिऱ्या म्हणजे क्रिकेटचा सोवळ्यातला माणूस. त्याने चहा बाजूला ठेवला. “पण मध्याचं एक बरोबर आहे. बेसबॉल बघायचा कशाला? सगळे फुलटॉस! टप्पा नाही, स्विंग नाही, खेळपट्टी वाचायची नाही.”

“साठ फूट सहा इंचांवरून, ताशी ९५ मैलांनी येतो तुझा फुलटॉस,” शुभांगी म्हणाली. “ आणि वळतोही. मागच्या उन्हाळ्यात पार्कात माझ्या पोराने तुला टेनिस बॉलवर उडवला, तो तर टप्पा पडून आला होता. वाचलास?”

शिऱ्याने न्यूयॉर्कजवळचं नासाउ काउंटीचं मैदान काढलं. तिथल्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या भारत-पाकिस्तान मॅचला गेलो होतो हे तो २०२४च्या जूनपासून दर पंधरा दिवसांनी काढतो. आपण ११९वर आटपलो, तरी ६ धावांनी जिंकलो. त्याचं म्हणणं, तो थरार बेसबॉलला सात जन्मात यायचा नाही.

“त्याच आठवड्यात आपल्या मुंबईच्या नेत्रावळकरने पाकिस्तानला सुपर ओव्हर टाकली, ते मैदान कुठलं?” शुभांगीने विचारलं.

“डॅलसजवळचं. ग्रँड प्रेरी.”

“ते क्रिकेटचं व्हायच्या आधी कशाचं होतं?”

शिऱ्याने चहा परत उचलला. ते बेसबॉलचंच मैदान होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं तिने मनावर घेतलं नाही, एवढाच तिचा मोठेपणा.

इथे मला थोडं लिहिलं पाहिजे, कारण मी तटस्थ नाही. शुभांगीचा पोरगा तीन वर्षं लिटल लीग खेळतो आणि ती प्रत्येक मॅचला वही घेऊन बसते. एकेका खेळाडूला एकेक चौकोन, चौकोनात छोटा हिरा, पोरगं पहिल्या बेसला पोचलं की हिऱ्याची एक बाजू गडद. तीन स्ट्राइकमध्ये गेलं तर इंग्रजी के. बॅट फिरवलीच नाही, नुसतं बघत राहिलं आणि गेलं, तर के उलटा. पहिल्या वर्षी तिच्या पोराच्या चौकोनांत उलट्या केंची रांग होती. मग एकदा सुलटा के आला. बाद तो बादच, पण घरी जाताना तिने त्याला आइस्क्रीम घेतलं. ती वही बघितल्यापासून ‘अडीच तास वाया’ वगैरे माझ्याच्याने म्हणवत नाही.

अण्णा तोवर गप्प होते. अण्णा पंच्याऐंशी साली इथे आले आणि पेट्रियट्स न्यूयॉर्कच्या बड्या यांकीज टीमच्या छत्राखाली यायच्या आधीपासून त्या मैदानावर जातात. “२०२१पासून ही यांकीजची डबल-ए टीम आहे,” ते म्हणाले. “वर ट्रिपल-ए, त्याच्यावर डायरेक्ट ब्राँक्स, यांकीजचं घर. तो व्होल्पी २०२२ला इथे खेळत होता. २०२३ला पहिल्याच मॅचला यांकीजचा शॉर्टस्टॉप! वाढलाही इथलाच, वॉचंगचा.”

“म्हणजे रणजी,” शिऱ्या म्हणाला.

“हां, रणजी.”

“रणजी बघायला मी वानखेडेला जायचो.”

“आत?” शुभांगी.

मध्याला काळजी वेगळीच. “अण्णा, अडीच तास त्या खुर्चीवर एका जागी बसायचं. माझी पाठ—”

हे वाक्य अण्णांसमोर काढायला नको होतं.

“पाठ? मध्या, २ एप्रिल २०११. पहाटे पाचला तुझ्या घरी आलो. सेहवाग दुसऱ्याच बॉलला गेला, सचिन १८वर गेला, आणि तू फतवा काढलास, जो जिथे बसलाय तिथून हलायचं नाही. मी तुझ्या सोफ्याच्या मोडक्या बाजूला. दुपारचा एक वाजून गेला! शेवटी राहवेना म्हणून उठलो आणि धोनीने कुलसेकराला षटकार मारला तेव्हा मी तुझ्या बाथरूममध्ये होतो. अख्ख्या भारताने पाहिला. मी फक्त ऐकला.”

“तुम्ही उठलात म्हणूनच तो बसला, अण्णा,” मध्या गंभीरपणे म्हणाला.

यावर पाच मिनिटं काहीही झालं नाही. शिऱ्या नाकातून चहा काढत होता.

मग जेवणाचं निघालं. ब्रिजवॉटरलाच बालाजीचं देऊळ, तिथल्या कँटीनचा डोसा. आधी दर्शन, मग डोसा, मग बेसबॉल. एवढ्या एका मुद्द्यावर कुणाचं दुमत झालं नाही, हे नोंदवून ठेवतो.

मध्या मात्र एक्सेलमध्ये नवा कॉलम घालत होता. “मॅच टाय झाली तर? एक्स्ट्रा इनिंग गेल्या तर फटाके किती वाजता?”

अण्णा सरसावून बसले. “अटलांटा. ४ जुलै १९८५. न्यूयॉर्कचे मेट्स आणि अटलांटाचे ब्रेव्ह्ज. आधी पावसाने उशीर, मधेच परत पाऊस. मग टाय. दहावी, बारावी, पंधरावी इनिंग. अठराव्यात ब्रेव्ह्जचे दोन गडी बाद, एका रनने मागे, आणि बॅटिंगला कोण? पिचर, म्हणजे त्यांचा बोलर. रिक कॅम्प. ज्याने जन्मात होमरन मारली नव्हती.”

“आपला अकरावा नंबर,” शिऱ्या नकळत पुढे सरकला होता.

“त्याने मारली! परत टाय. एकोणिसाव्यात मेट्सनी पाच रन काढल्या. उत्तरादाखल ब्रेव्ह्जनी दोन केल्या, आणि शेवटची विकेट कुणाची? कॅम्पचीच. १६-१३. पहाटे तीन पंचावन्न.”

“आणि फटाके?”

“कबूल केले होते ना? चार वाजता उडवले! गाव झोपलेलं. लोकांनी पोलिसांना फोन केले, बॉम्ब पडतायत म्हणून.”

शुभांगीने सांगितलं की आता तसं होणं अवघड आहे. दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर फुकटचा एक रनर उभा करतात, शिवाय पिचरला घड्याळ लावलंय, बेस मोकळे असले तर पंधरा सेकंदांत टाकायचा. पण तिलाही ते सांगताना जरा वाईट वाटत होतं असं दिसलं.

शिऱ्या हळूच म्हणाला, “माझं एक तिकीट धर. पहिल्या बेसच्या बाजूचं.”

सगळ्यांनी मध्याकडे पाहिलं. मध्या विचारात गढला होता.

“अण्णा, मॅच दुसऱ्या दिवसात गेली, म्हणजे पार्किंगचे पैसे एका दिवसाचेच घेतले असतील ना?”

अण्णांना ठसका लागला. मी त्यांची पाठ थोपटतोय, शुभांगी डोळे पुसतेय, शिऱ्या भिंतीवरून खाली उतरलाय. दुकानातला पोरगा बाहेर डोकावला. चहाची दुसरी फेरी आणू का म्हणाला. आता पाळी मध्याची.

“मध्या कुठाय?”

“बाथरूमला गेला.”

“जाऊ दे,” अण्णा खिशात हात घालत म्हणाले, “एखादा षटकार त्याचाही चुकू दे.”