‘रिकामटेकडे’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली होती, पण डोकं तापलेलं असताना लिहायचं नाही म्हणून थांबलो. तुम्ही म्हणता, "मोर्चे काढणं हे रिकामटेकड्यांचं काम. बदल कायद्याने होतो, रस्त्यावर बोंबलून नाही. मुळशी सत्याग्रह केला तरी धरण झालंच ना? वर पुण्यात अलका चौकात ट्रॅफिक जाम." एवढं सगळं लिहिलंत, स्वतःचं नाव तेवढं लिहिलं नाहीत.

ट्रॅफिकचं मान्य. ऑफिस सुटायच्या वेळेला अलका चौक अडला की माणसं वैतागतात, त्यात कुणाला दवाखाना गाठायचा असतो, मोर्चाची वेळ ठरवताना हा विचार व्हायला पाहिजे. बास, यापुढे एक अक्षर मान्य नाही.

रिकामटेकडे कुणाला म्हणता हो तुम्ही? माझे वडील भुसार बाजारात हमाल होते. 100 किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. मानेखालची कातडी काळी आणि इतकी जाड झालेली की आई रात्री तिथे गरम तेल चोळायची तरी त्यांना चटका कळायचा नाही. मोर्चाला गेलं की त्या दिवसाची हमाली बुडायची, आई शेजारून पीठ उसनं आणायची, आणि तरी ते जायचे, कारण न गेलं तर उद्याही व्यापारी ठरवेल तोच दर आणि म्हातारपणी हातात काही नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि कायद्याने बदल होतो म्हणता, तर तो कायदा आला कुठून? मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार उभे केले, इकडे पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, संप झाले, मोर्चे झाले, तेव्हा कुठे 1969 चा माथाडी कायदा आला. त्याआधी हमालाला मालकच नव्हता, आज या गाळ्यावर उद्या त्या, मग फंड कोण भरणार? कायद्याने माथाडी मंडळं आली, व्यापाऱ्याने मजुरीवर लेव्ही, म्हणजे वरून ठरावीक रक्कम, मंडळाकडे भरायची, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी. माझ्या बहिणीची नर्सिंगची फी वडिलांच्या फंडातून भरली गेली, ती पावती अजून घरी आहे. हे सरकारला आपणहून सुचलं असं तुम्हाला खरंच वाटतं?

बरं, जुनं नको म्हणत असाल तर कचरावेचक बायकांचं घ्या. 1993 ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, बायका रस्त्यावर उतरल्या, महापालिकेने ओळखपत्रं मान्य केली, आणि त्यातूनच 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करायला लागली. ज्यांना लोक आधी चोर म्हणून हाकलायचे त्या आज हक्काने बेल वाजवतात. तुमच्याही सोसायटीत येत असतील, एकदा विचारून बघा त्यांना मोर्चाने काय होतं ते.

मुळशीचं म्हणाल तर हो, 1921 चा तो लढा हरला, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालं. त्यावर पुन्हा कधीतरी.

पण ‘रिकामटेकडे’ हा शब्द आधी मागे घ्या, तोही नावानिशी. त्यानंतर मुळशीवर हवं तितकं भांडू. नाहीतर तुमची पुढची प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.