हवा भरू का काढू?

टायरवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, ही गोष्ट मी ५३ वर्षं लपवून ठेवली होती. ती पुण्यात, नाना पेठेतल्या टायरच्या दुकानात, भर दुपारी, चारचौघांत उघडी पडली. दुकानदाराने टायर समोर उभा केला. मी चष्मा सावरत वाकलो. एका कोपऱ्यात २३२४ असा आकडा दिसला आणि मी जाणकार चेहऱ्याने म्हणालो, "किंमत वाजवी आहे."

"काका, तो बनवल्याचा आठवडा आहे. २०२४ सालचा तेविसावा. किंमत त्याच्या पाचपटीच्या पुढे."

शेजारी उभा असलेला भाचा त्या क्षणापासून माझी ओळख नसल्यासारखा वागू लागला. खरं तर तोच मला घेऊन आला होता. सासवडला ताईकडे सीताफळाची बाग आहे, आणि माल पुण्यात आणायला डिझेलवरची थोरली पिकअप. कर्जाच्या कागदांच्या भानगडीत ती गाडी माझ्या नावावर झाली, ती तशीच राहिली. आता या गाडीने सहा दिवस सीताफळं वाहायची आणि रविवारी ड्रॅग रेसमध्ये पळायचं, असा भाच्याचा बेत. ड्रॅग रेस म्हणजे वळण नाही, वळसा नाही. सरळ पाव मैल, ४०२ मीटर, जीव खाऊन पळायचं आणि थांबायचं. लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्यात, हे त्याने पंढरीचं नाव घ्यावं तशा सुरात सांगितलं. "मामा, सही तुमची लागेल."

सही करून सुटलो असतो. पण तोंडातून निघून गेलं, "टायर कुठले लावणार?" पुढचे सहा आठवडे या एका प्रश्नात गेले.

दुकानदार भला माणूस. त्याने मला टायर वाचायला शिकवलं. २५५/६० आर १८ ११२ एच. रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १८ इंची. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत. आमच्या वेळी भूमितीच्या पेपरात असं लिहिलं असतं तर मास्तरांनी पेपर परत फेकला असता. ११२ म्हणजे एका टायरने १,१२० किलो पेलायचे. एच म्हणजे वेग, ताशी २१० पर्यंत. एस १८०, टी १९०, यू २००, आणि मग एकदम एच २१०. एच हा यू आणि व्हीच्या मध्ये येतो, हे कळल्यावर मी घरी जाऊन थोडा वेळ आडवा झालो.

"गाडी वापरता कशाला?" त्याने विचारलं.

"सहा दिवस सीताफळं. रविवारी शर्यत."

त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "मग दोन गाड्या घ्या."

खरी मेख इथेच होती. शर्यतीचा अस्सल टायर, ज्याला स्लिक म्हणतात, त्याला नक्षीच नसते. साफ गुळगुळीत. रबर मऊ, गरम झालं की चिकट होणारं, म्हणून सुरुवातीला चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढायचा. आयुष्यभर मी स्कूटरचा टायर गोटा झाला म्हणून हवालदारापुढे हात जोडले, आणि इथे लोक नवाकोरा गोटा जादा पैसे मोजून घेतात. हा टायर पावसात चालत नाही, कारण पाणी कापायला खाचा नाहीत. आणि आमच्या सीताफळांचा हंगाम ऐन पावसाळ्यातला, वाट दिवे घाटाची. माउलींच्या रथालासुद्धा त्या घाटात जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. आपल्याकडे फोर बाय फोर आहे ती अशी जुनी. त्या घाटात, भिजल्या डांबरावर, मागे दीडशे किलो सीताफळं आणि खाली चार गोटे: मी डोळे मिटले तर मला माझंच नाव लिहिलेला विम्याचा अर्ज दिसला.

भाच्याने मग चाकांकडे मोर्चा वळवला. ड्रॅगवाले रिम लहान आणि टायरची बाजू उंच ठेवतात, म्हणजे गाडी सुटताना ती बाजू सुरकुतते आणि जमीन धरून ठेवते. फार सुंदर. आम्ही १५ इंची रिम आणली, लावायला गेलो, तर ती ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे ब्रेक आवळणाऱ्या चिमट्यावर, अडली. अवजड गाडीला थांबवायला ब्रेकही तसेच अवजड लागतात, हे पळण्याच्या नादात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दुकानात रिम छान होती, पण बोल्ट पाच. आमच्या गाडीला सहा, आणि ते १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर बसवलेले. १३९.७! साडेपाच इंच म्हणायला यांचं काय जात होतं?

तोवर बातमी आमच्या टेकडीवर पोचली. वाहनांची रीतसर परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ सालची, वेताळ टेकडीवर आहे. तिच्याशी कसलाही संबंध नसलेली माणसं रोज सकाळी तिच्या आसपास फिरतात, आणि त्यांची मतं संस्थेपेक्षा ठाम असतात. एकाने मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ ऐकवलं: कंपनीने ठरवून दिलेल्या गाडीत मनाचे फेरफार करायचे नाहीत. दुसरे म्हणाले, टायर मोठा घेतला की गियर लांब पडतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते पण जोर कमी मिळतो; डिझेल इंजिनाचा सगळा जोर कमी फेऱ्यांत, तो वाया जाईल. तिसऱ्यांनी विचारलं, "गाडीचं वजन किती?" ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून आम्ही मार्केट यार्डात वजनकाट्यावर गेलो.

"माल कुठंय?" काटेवाला.

"माल नाही. गाडीचंच वजन करायचंय."

"रिकामी?"

"रिकामी."

त्याने माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं आणि पावती फाडली. १,९५० किलो. नुसती पुढची चाकं चढवली तर १,१५०. म्हणजे मागची बाजू हलकी. मागच्या दोनच चाकांवर जोर दिला तर ती नुसती गरगरणार. चारही चाकांना जोर द्यायला हवा, आणि तसं केलं की चारही टायर एका मापाचे हवेत. पुढे बारीक, मागे जाड ही ऐट बाद. खर्च दोनाचा चार झाला, हे भाच्याने मला कारंजाकडे बघत सांगितलं. मार्केट यार्डात कारंजं नाही.

शेवटी आशा उरली ती वजन घटवण्यावर. फिरणारं वजन सगळ्यात वाईट, कारण ते पुढेही न्यायचं आणि फिरवायचंही. मी एक चाक घरी आणून न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवलं. जुनं, खडबडीत नक्षीचं चाक, ३१ किलो. हलकी रिम आणि साधा रस्त्याचा टायर मिळून २८. एका चाकामागे तीन, चाराचे बारा किलो वाचणार! मी हे मोठ्याने जाहीर केलं. ही दारात उभी होती.

"तुम्ही गाडीत बसणार का शर्यतीला?"

"हो. शेजारी."

"मग टायर कशाला मोजताय?"

माझं वजन ८४ किलो आहे. विषय तिथेच थांबला.

निकाल लावला तो वडकीजवळ, घाटाच्या पायथ्याच्या पंक्चरवाल्याने. हाताने काम चालू ठेवून तो म्हणाला, "रस्त्याचेच घ्या, चांगल्या पकडीचे. पळायच्या दिवशी हवा पस्तिसाची चोवीस करा. पळून झालं की आधी भरा, मगच घाट चढा. कमी हवेत हा टायर अकराशे किलो पेलत नाही, पोटातून तापतो." सहा आठवड्यांत पहिल्यांदा कुणी आम्हाला चार वाक्यांत दोन्ही बाजू सांगितल्या. त्याने पंक्चरचे घेतले तेवढेच पैसे, सल्ल्याचे नाही. शर्यत म्हणते हवा काढ, सीताफळं म्हणतात हवा भर. हा माणूस दोघांचंही ऐकत होता.

शर्यतीच्या दिवशी हवा काढली. मी बेल्ट लावून बसलो, तर शिट्टीवाला मुलगा आला. "काका, गाडीत फक्त ड्रायव्हर." मी उतरलो. सहा आठवड्यांत, बारा किलो वाचवणाऱ्या रिमांवर एवढा खर्च केल्यावर, गाडी सगळ्यात जास्त हलकी झाली ती त्या एका पायरीवर, फुकटात.

१७.६ सेकंद. शेजारच्या पट्ट्यातली मोटार केव्हाच पोचली होती. भाचा तरीही असा नाचला की मलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

संध्याकाळी दाजींचा फोन आला. "किती लांब पळवली?"

"४०२ मीटर."

"म्हंजे आपल्या विहिरीपासनं बांधापत्तुर. आणि आणलं काय?"

"काही नाही. गाडी रिकामी होती."

"रिकामी गेली आन् रिकामी आली?" बराच वेळ शांतता. "हडपसरात खताची चार पोती तरी टाकायची व्हती."

"टायरात हवा कमी होती, दाजी."

"मग भरायची की."