अकिनफेन्वाला 'बिचारा' म्हणणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये खेळलेल्या अदेबायो अकिनफेन्वाचं नाव काढलं की फुटबॉल बघणाऱ्या आपल्या पोरांकडून ठरलेली वाक्यं येतात. फिफा गेममधला सगळ्यात ताकदवान गडी. शंभर किलोचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला पुढं उभा राहणारा खेळाडू. आणि मग जरा कीव केल्यासारख्या सुरात, "पण प्रीमियर लीगपर्यंत, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगपर्यंत, नाही पोचला बिचारा." हा 'बिचारा' मला सहन होत नाही. आज त्यावरच लिहितोय. लांबलंय, सवडीनं वाचा.

२००१ मध्ये तो सीनियर फुटबॉल खेळायला लागला आणि २०२२ मध्ये थांबला. शेवटच्या मॅचच्या दिवशी त्याचं वय चाळीस वर्षं अकरा दिवस होतं आणि मैदान होतं वेम्बली, इंग्लंडचं राष्ट्रीय मैदान. मधल्या एकवीस वर्षांत दोनशेच्या वर गोल. विशीत प्रीमियर लीगमध्ये चार मॅच खेळून पंचविशीत फुटबॉलमधून कायमचे बाहेर पडलेले किती जण दाखवू? त्यांना आपण 'प्रीमियर लीग प्लेअर' म्हणतो, आणि याला बिचारा.

यामागे एक समज आहे की खालच्या लीग म्हणजे वर जायची शिडी, आणि जो शिडीवरच राहिला तो हरला. इंग्लंडमध्ये वरच्या चार पातळ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत. प्रीमियर लीगचे २० सोडा. उरलेले ७२ वरून खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टूमध्ये, प्रत्येकी २४. त्याखाली नॅशनल लीग आणि तिच्याखाली आणखी बऱ्याच पायऱ्या. त्या ७२ क्लबांना स्वतःची मैदानं आहेत, स्वतःचा इतिहास आहे, पिढ्यानपिढ्या येणारे प्रेक्षक आहेत. आम्हा कोल्हापूरकरांना हे फोडून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की लोटणारी गर्दी त्या दिवशी मुंबई सिटी या मोठ्या क्लबचं काय झालं हे विचारत नसते. नॉर्थॅम्प्टनच्या माणसाला नॉर्थॅम्प्टन जिंकायला हवं असतं. त्याला गोल करून देणारा माणूस त्याच्यासाठी मोठाच असतो.

आता या माणसाचा प्रवास बघा. जन्म लंडनचा, आईवडील नायजेरियन. अठरा-एकोणिसाव्या वर्षी थेट लिथुआनियात, क्लायपेडा शहरातल्या अटलांटास क्लबकडून खेळायला गेला. तिथं प्रेक्षकांनी वंशद्वेषी घोषणा दिल्या, त्याही त्याच्या स्वतःच्या क्लबच्या. लंडनचं पोरगं, भाषा येत नाही, थंडी मरणाची. परत यायचं मनात होतं, भावानं फोनवर समजावलं आणि तो थांबला, असं त्यानं पुढे अनेकदा सांगितलंय. त्याच वर्षी लिथुआनियन कपच्या फायनलमधला एकमेव गोल त्याचा होता.

तिथून वेल्समधल्या बॅरी टाऊनला. त्या मोसमात क्लबनं लीग आणि कप दोन्ही जिंकले, आणि लगेच पैशाअभावी क्लबच कोलमडला. पुढचा मोसम, २००३-०४, ऐका: बॉस्टन युनायटेड, लेटन ओरिएंट, रशडेन अँड डायमंड्स, डॉनकास्टर रोव्हर्स. एका मोसमात चार क्लब! महिन्या-दोन महिन्यांचे करार. नवी ड्रेसिंग रूम, नवे कोच, भाड्याची नवी खोली, आणि तेवढ्यात स्वतःला सिद्ध करायचं. बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. मग टॉर्कीला एक पूर्ण मोसम मिळाला आणि त्यानं लीगमध्ये चौदा गोल केले.

खालच्या लीगमधला मे महिना कसा असतो ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मोसम संपला की प्रत्येक क्लब यादी लावतो, कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं याची. बरेचसे करार एक-दोन वर्षांचे. जूनअखेर करार संपतो, पगार संपतो. तिशी ओलांडलेल्या स्ट्रायकरच्या पाचवीला हे पुजलेलंच. गुडघा दुखतोय का, मॅनेजर बदलतोय का, क्लब खाली घसरून खर्च कापणार का, यातल्या कशावरही त्याचा ताबा नसतो. मेस्सी-रोनाल्डोच्या करारांच्या बातम्या वाचून फुटबॉलर म्हणजे करोडपती असं आपल्या डोक्यात बसलंय. लीग टूमधल्या माणसाला निवृत्तीनंतर दुसरा कामधंदा बघावाच लागतो. अकिनफेन्वानं 'बीस्ट मोड' नावाचा कपड्यांचा ब्रँड खेळता खेळताच काढला, त्यावर लोक हसले. मला तो शहाणपणा वाटतो.

स्वॉन्झीमध्ये तो दोन वर्षं होता. २००५ मध्ये त्यांच्या नव्या कोऱ्या लिबर्टी स्टेडियमवरच्या पहिल्या अधिकृत मॅचमध्ये, ट्रॅनमिअरविरुद्ध, पहिला गोल त्याचा. २००६ च्या एप्रिलमध्ये फुटबॉल लीग ट्रॉफीच्या फायनलमध्ये कार्लाइलविरुद्ध विजयी गोलही त्याचा. पुढच्याच महिन्यात कार्डिफमध्ये लीग वनची प्ले-ऑफ फायनल, बार्न्सलीविरुद्ध. वर चढण्याच्या शेवटच्या जागेसाठीची ही मॅच, सबंध वर्षाची मेहनत एका दुपारी पणाला लागते. २-२ झाली, पेनल्टी आल्या. अकिनफेन्वाची पेनल्टी हुकली, ॲलन टेटचीही हुकली, बार्न्सली चॅम्पियनशिपमध्ये गेलं. दुसऱ्या वर्षी त्याचा पाय मोडला. स्वॉन्झी सुटलं, काही महिने क्लबच नव्हता. मग थोडे दिवस मिलवॉल, तिथं काही जमलं नाही.

पुढची सहा-साडेसहा वर्षं नॉर्थॅम्प्टन आणि जिलिंगम, परत नॉर्थॅम्प्टन, परत जिलिंगम. या वर्षांबद्दल लेख येत नाहीत कारण सांगण्यासारखं नाट्य फार नाही. गोल मात्र येत राहिले. २०१३ मध्ये नॉर्थॅम्प्टनसोबत आणखी एक प्ले-ऑफ फायनल, तीही ब्रॅडफर्डकडून ३-० अशी गेली.

त्याच्या शरीराबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळा गैरसमज तिथंच आहे. लहानपणापासून त्याला एकच ऐकवलं गेलं की फुटबॉल खेळायला तू फार आडवा आहेस. लोकांना वाटतं तो नुसता धिप्पाड होता म्हणून चालून गेला. मग सगळेच धिप्पाड का नाही खेळत? त्याचं काम नीट बघा. गोलकीपर लांब किक मारतो. चेंडू हवेत असतानाच अकिनफेन्वा मागं सरकून सेंटर बॅकला, म्हणजे समोरच्या संघाच्या मधल्या डिफेंडरला, पाठ लावतो. आधी संपर्क त्याचा, त्यामुळे डिफेंडरला उडी मारायला जागाच उरत नाही. हात जरासा मागं, ढकलण्यासाठी नाही, तो कुठल्या बाजूला आहे हे कळण्यापुरता. चेंडू छातीवर घ्यायचा, तो पायाशी पडेपर्यंत मागचा माणूस अंगावर झेलायचा, आणि धावत येणाऱ्या विंगरला एका टचमध्ये द्यायचा. नाहीतर डिफेंडर वैतागून खेचतो आणि फ्री किक मिळते. पुढं विकम क्लबमध्ये असताना त्याचा सहकारी ज्यो जेकबसनच्या डाव्या पायासमोर गोलपासून पंचवीस-तीस यार्डांवर मिळालेली फ्री किक म्हणजे पाऊण गोल झालाच. हे वेळेचं गणित आहे. पहिल्या मिनिटाला जमणारी गोष्ट ऐंशीव्या मिनिटालाही, अंगावर सतत माणूस असताना, जमवायची. ताकद त्यातला निम्मा भाग, उरलेला निम्मा डोक्याचा.

२०१४ मध्ये तो एएफसी विम्बल्डनला आला. या क्लबचा इतिहास माहीत नसेल तर आवर्जून वाचा. लंडनमधला मूळ विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली म्हणून २००२ मध्ये चिडलेल्या प्रेक्षकांनी स्वतःचा क्लब काढला, पार तळापासून सुरुवात केली आणि नऊ वर्षांत फुटबॉल लीगपर्यंत आणला. ५ जानेवारी २०१५ ला एफए कपमध्ये, जिथं लहानमोठे क्लब एकमेकांसमोर येतात, त्यांच्या छोट्याशा किंग्जमेडो मैदानावर लिव्हरपूल आलं. अकिनफेन्वा जन्मभराचा लिव्हरपूलचा चाहता, लाडका खेळाडू लिव्हरपूलचाच जॉन बार्न्स. समोर लिव्हरपूलचा कॅप्टन स्टीव्हन जेरार्ड, ज्यानं नुकतंच क्लब सोडणार असल्याचं जाहीर केलं होतं. जेरार्डनं पहिला गोल केला. मग कॉर्नरनंतरच्या गोंधळात चेंडू गोलसमोर पडला आणि अकिनफेन्वानं तो आत ढकलला. १-१. शेवटी जेरार्डच्या फ्री किकनं लिव्हरपूल २-१ नं जिंकलं.

आणि मग ३० मे २०१६. वेम्बली, लीग टूची प्ले-ऑफ फायनल, समोर प्लिमथ. तो चौतीस वर्षांचा, करार संपलेला, पुढच्या मोसमासाठी क्लब नाही. बेंचवरून मैदानात उतरला. लाइल टेलरनं विम्बल्डनला पुढे नेलं. इंजरी टाइम लांबला आणि अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. ठरलेला पेनल्टी घेणारा कॅलम केनेडी. अकिनफेन्वानं चेंडू हातात घेतला आणि सोडेनाच. भर मैदानात, हजारो लोकांसमोर, दोन सहकाऱ्यांची वादावादी. केनेडीनं अखेर माघार घेतली. अकिनफेन्वानं पेनल्टी मारली, गोल, २-०, विम्बल्डन लीग वनमध्ये.

काही जण याला स्वार्थ म्हणतात. मी नाही म्हणत. बरोबर दहा वर्षांपूर्वी, मे महिन्यातच, याच प्रकारच्या मॅचमध्ये त्याची पेनल्टी हुकली होती. मॅच जवळजवळ हातात होती, या क्लबसाठीची ती त्याची शेवटची किक होती, आणि वेम्बली पुन्हा दिसेल याची खात्री कुणालाच नव्हती. अशा वेळी एका माणसानं एक गोष्ट स्वतःसाठी मागितली, तर मागू दे.

मॅचनंतर टीव्हीवर त्यानं सांगितलं की मी आता तसा बेकारच आहे, मॅनेजर लोकांनी व्हॉट्सॲपवर संपर्क करावा. ती क्लिप जगभर फिरली, सगळे खळखळून हसले. तोही हसत होता. पण शब्द नीट ऐका. वेम्बलीवर गोल करून आलेला, घरसंसार असलेला माणूस कॅमेऱ्यासमोर नोकरी मागत होता, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

नोकरी मिळाली ती विकम वाँडरर्सकडून, मॅनेजर गॅरेथ एन्सवर्थ. दोन वर्षं आधी हाच क्लब शेवटच्या दिवशी केवळ गोलफरकावर फुटबॉल लीगमध्ये टिकला होता. २०१७-१८ मध्ये अकिनफेन्वानं पस्तिशी उलटल्यावर लीगमध्ये सतरा गोल केले आणि विकम लीग वनमध्ये गेलं. मग कोविडचा मोसम. मार्चमध्ये खेळ थांबला तेव्हा विकम आठवं होतं, पण एक मॅच कमी खेळलेलं. जूनमध्ये दर मॅचमागच्या गुणांवर तक्ता लावला आणि ते तिसरे झाले. नशीब? असेल. पण पुढे फ्लीटवुडला हरवावं लागलं, आणि १३ जुलै २०२० ला रिकाम्या वेम्बलीवर ऑक्सफर्डला २-१ नं हरवावं लागलं. जेकबसनची पेनल्टी निर्णायक ठरली. विकम त्यांच्या १३३ वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या पातळीवर. अडतिसाव्या वर्षी अकिनफेन्वा चॅम्पियनशिपमध्ये. यावेळी तो म्हणाला, आता मला व्हॉट्सॲपवर फक्त क्लॉपनं, म्हणजे तेव्हाच्या लिव्हरपूलच्या मॅनेजरनं, मेसेज करावा. आणि युर्गन क्लॉपनं खरंच अभिनंदनाचा व्हिडिओ पाठवला.

चॅम्पियनशिपमध्ये ते एकच मोसम टिकले. ४३ गुण, वाचलेल्या डर्बी काउंटी क्लबचे ४४. एका गुणानं गेलं, आणि शेवटच्या दिवशी विकम मिडल्सब्रोला ३-० नं हरवून आलं होतं. २१ मे २०२२ ला पुन्हा लीग वनची प्ले-ऑफ फायनल, संडरलँडविरुद्ध. आयुष्यातली पाचवी प्ले-ऑफ फायनल. दोन जिंकल्या, ही धरून तीन हरल्या.

आपल्याला खालून वर आलेला स्ट्रायकर रिकी लॅम्बर्ट आवडतो. ब्लॅकपूलनं सोडल्यावर बीटरूटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावली, मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रोचडेल करत साउथॅम्प्टनला पोचला आणि २०१३ मध्ये इंग्लंडकडून पदार्पणात स्कॉटलंडविरुद्ध गोल केला. मलाही आवडतो. पण त्याची रोचडेलची वर्षं आपण फक्त यासाठी वाचतो की पुढं इंग्लंडचा शर्ट आहे. तो शर्ट मिळाला नसता तर रोचडेलसाठी केलेले गोल कमी झाले असते का? तिथं शनिवारी तिकीट काढून बसलेल्या माणसाला तेव्हा पुढचं काहीच माहीत नव्हतं, तरी तो उभा राहून ओरडतच होता.

हा प्रश्न मी अकिनफेन्वाच्या बाबतीत विचारतो तेव्हा "हो, पण लेव्हल..." असं उत्तर येतं. लेव्हल मान्य आहे. इंग्लंडचा हॅरी केन त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला स्ट्रायकर आहे, यात वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की एखाद्यानं एकवीस वर्षं एक अवघड काम पगार घेऊन, टक्केटोणपे खाऊन, चांगलं केलं, तर त्याच्या पुढ्यात 'पण' लावू नका.

ज्यांना त्याचा खेळ बघायचाय त्यांनी गोलांच्या क्लिप नंतर बघा, त्या ढिगानं आहेत. आधी २०१५ ची विम्बल्डन-लिव्हरपूल मॅच मिळाली तर लावा आणि चेंडूवरची नजर काढून फक्त त्याच्या पाठीमागच्या डिफेंडरकडे बघत बसा. तिसऱ्या-चौथ्या लांब चेंडूनंतर तो डिफेंडर पाऊलभर मागं उभा राहायला लागतो. ते पाऊल का पडलं, हे कमेंटमध्ये लिहा. मी वाचणार आहे.