‘काहीही चालतं’ म्हणणाऱ्या चीजकेकबद्दल

आमच्या घरच्या ग्रुपवर हा मजकूर आतापर्यंत चार वेळा आलाय. आधी मावशीने पाठवला, मग नणंदेने, मग सोसायटीतून, आणि परवा पुन्हा मावशीनेच. बिनओव्हनचा, बिनअंड्याचा व्हाइट चॉकलेट चीजकेक, दहा मिनिटांत तयार. खाली सूचना अशा: क्रीम चीज महाग, त्याऐवजी चक्का घ्या, फरक कळतच नाही. व्हाइट चॉकलेट हे काही खरं चॉकलेट नव्हे, तेव्हा कुठलंही पांढरं कंपाउंड चालेल. क्रीम घरात असेल ती. जिलेटिन किंवा चायनाग्रास, दोन्ही सारखंच. फ्रीजरमध्ये एक तास. आणि भाजलेला नसल्यामुळे पोटाला हलका!

ओव्हन लागत नाही हे खरं आहे. अंडं लागत नाही हेही खरं. म्हणून तर उरलेलं सगळं लोकांना पटतं.

ओव्हन का लागत नाही ते आधी बघू. भाजलेल्या चीजकेकला अंडं उभं करतं. उष्णतेने अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि मिश्रण आळतं. न भाजलेल्या चीजकेकमध्ये हे काम स्निग्धांश आणि थंडी करतात. डिसेंबरात सकाळी तुपाची बरणी उलटी केली तरी तूप हलत नाही, तोच प्रकार. क्रीम चीजमधली, क्रीममधली आणि चॉकलेटमधली चरबी फ्रिजमध्ये थिजते आणि बाकीच्या ओलाव्याला धरून ठेवते. यातला एक पदार्थ बदलला की चव बदलतेच, पण घराचा खांबही हलतो. त्या मजकुरात नेमके तिन्ही खांब एकदम काढायला सांगितलेत.

आता चक्का. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. भाच्याच्या वाढदिवसाला मी सगळा चक्क्याचाच चीजकेक केला होता. साच्यातून काढला तेव्हा देखणा दिसत होता. ओवाळून, फोटो काढून सुरी लावेपर्यंत अर्धा तास गेला आणि ताटात पिवळसर निवळीचं तळं झालं. खालचा बिस्किटांचा थर भिजून त्याची लापशी झाली होती. वहिनी म्हणाल्या, ‘अगं, छान झालंय श्रीखंड.’ त्या अगदी बरोबर बोलल्या. गोड चक्क्याला आपल्याकडे फार जुनं नाव आहे, आणि श्रीखंडाची कुणी वडी पाडायला जात नाही. वाटीत वाढतात. (श्रीखंडाच्या वड्या मिळतात खऱ्या, पण त्यासाठी ते शेगडीवर आटवावं लागतं.)

कारण साधं आहे. क्रीम चीजमध्ये अमेरिकी नियमाप्रमाणे किमान ३३ टक्के दुधाची चरबी असावी लागते आणि पाणी ५५ टक्क्यांच्या वर चालत नाही. साय न काढलेल्या दुधाच्या चक्क्यात चरबी १० टक्क्यांच्या आसपास असते, आणि रात्रभर टांगला तरी दोन तृतीयांश पाणीच. शिवाय दही हे विरजणाच्या आंबटपणाने धरलेलं असतं. ते फेटलं, त्यात साखर घातली, की धरून ठेवलेलं पाणी सोडायला लागतं. श्रीखंडाच्या डब्यात कडेला पाणी दिसतं ते हेच. म्हणजे तिथे थिजायला चरबी थोडी आणि सुटायला पाणी भरपूर.

पण चक्का अगदी वर्ज्य आहे असंही नाही. खाली दिलेल्या मापातल्या ३०० ग्रॅम क्रीम चीजच्या जागी २०० ग्रॅम क्रीम चीज आणि १०० ग्रॅम चक्का घ्या, आणि चॉकलेट ५० ग्रॅमने वाढवा. नीट आळतो. मला तर ती आंबटसर चव जास्त आवडते, कारण व्हाइट चॉकलेटचा गोडमिट्टपणा तिने कापला जातो. मात्र चक्का फडक्यात बांधून, वर वजन ठेवून, रात्रभर फ्रिजमध्ये टांगलेला हवा. ओट्यावर नळाला बांधून दोन तास ठेवलेला नव्हे. पनीर मिक्सरमध्ये फिरवून घालणारेही आहेत. आळतो, पण जिभेवर रवाळ लागतो.

(जाता जाता: क्रीम चीजच्या डब्यावर अमेरिकेतल्या ज्या फिलाडेल्फिया शहराचं नाव असतं, तिथे हे चीज जन्मलेलं नाही. १८७२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्या व्यावसायिकाने ते बाजारात आणलं. फिलाडेल्फियाचं दूधदुभतं तेव्हा नावाजलेलं होतं, म्हणून १८८० मध्ये ते नाव दिलं. आपल्याकडे कुठलाही पेढा कंदी म्हणून विकला जातो, तसं.)

‘व्हाइट चॉकलेट खरं चॉकलेट नव्हे’ हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोकादायक. त्यात कोकोची पूड नसते, तपकिरी रंग नसतो, कडवटपणा नसतो, हे कबूल. पण कोकोच्या बीमधून निघणारं लोणी, म्हणजे कोको बटर, असतं. अमेरिका आणि युरोप या दोन्हीकडच्या नियमांत व्हाइट चॉकलेट म्हणवून घ्यायला किमान २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुधाचे घन पदार्थ लागतात. आणि आपल्या चीजकेकला हवं असतं ते हे कोको बटरच. ते साधारण ३४ अंशांना वितळतं. फ्रिजमध्ये दगडासारखं घट्ट आणि तोंडात गेल्यावर पाणी. चीजकेकचा तुकडा ताटात ताठ उभा राहतो आणि जिभेवर ठेवताच विरघळतो, ती किमया याची.

कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, बहुधा पामच्या बीची किंवा हायड्रोजनेटेड, म्हणजे डालड्यासारखी घट्ट केलेली. पाकिटाच्या मागे घटकांची यादी वाचा, तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. इथे त्या मजकुरावर अन्याय करायचा नाही: कंपाउंडने चीजकेक आळतो. उन्हाळ्यात केकवरच्या सजावटीला बेकरीवाले कंपाउंड वापरतात त्यालाही कारण आहे, ते हाताळायला सोपं आणि स्वस्त. पण चीजकेकमध्ये ही चव थेट समोर येते, तिला झाकायला दुसरं काही नसतं. खाऊन झाल्यावर टाळूला मेणाचा थर बसल्यासारखं वाटतं, तो या चरबीचा. पैसे वाचवायचेच असतील तर सजावटीत वाचवा, पोटात नको.

मजकुरात न सांगितलेली गोष्ट म्हणजे चॉकलेट वितळवायचं कसं. बहुतेकांचा चीजकेक इथेच फसतो, आणि दोष मात्र क्रीम चीजला मिळतो. व्हाइट चॉकलेटमध्ये दुधाची भुकटी आणि साखर भरपूर, त्यामुळे ते पटकन करपतं. ४५ अंशांच्या वर न्यायचं कारणच नाही. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, गॅस बंद करा, वर काचेचं भांडं ठेवा, तळ पाण्याला लागू देऊ नका. वाफेचा एक थेंब आत गेला तरी चॉकलेट खव्यासारखं गोळा होतं, कारण तेवढ्याशा पाण्याने साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे असं गोळा झालेलं चॉकलेट फेकायची गरज नसते. त्यात दोन-तीन चमचे गरम क्रीम घालून ढवळलं की ते पुन्हा सैल होतं. थेंबभर पाणी वैरी, चार चमचे मित्र.

दुसरी खोड म्हणजे गाठी. फ्रिजमधून काढलेल्या गार क्रीम चीजवर वितळलेलं चॉकलेट ओतलं की कोको बटर तिथल्या तिथे थिजतं आणि भुग्यासारखे पांढरे कण दिसतात. क्रीम चीज तासभर आधी बाहेर काढून ठेवा. चॉकलेट बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकं निवू द्या.

‘क्रीम घरात असेल ती’ हेही खोटं. दुकानात मिळणाऱ्या फ्रेश क्रीमच्या खोक्यावर बहुधा २५ टक्के चरबी लिहिलेली असते. ती भाजीत उत्तम. पण तासभर फेटली तरी फुगत नाही. हवेचे बुडबुडे धरून ठेवायला चरबीच्या कणांची पुरेशी गर्दी लागते, आणि ती साधारण ३० टक्क्यांच्या वर जमते. म्हणून व्हिपिंग क्रीम हवी, तीही गारेगार. मे महिन्यात मी भांडं आणि बीटरची पातीसुद्धा फ्रिजमध्ये ठेवते. केकवाल्यांची वनस्पती चरबीची क्रीम झटकन फुगते, पण ती आधीच गोड असते. तिच्यात व्हाइट चॉकलेट मिसळलं की तिसऱ्या घासाला नको होतं.

फ्रेश क्रीमच हाताशी असेल तर ती फेटायच्या भानगडीत पडू नका. १०० मिली क्रीम गरम करून त्यात २५० ग्रॅम व्हाइट चॉकलेट विरघळवा, निवू द्या आणि फेटलेल्या क्रीम चीजमध्ये मिसळा. चीजकेक बुटका आणि घट्ट होईल, पण होईल.

जिलेटिन आणि चायनाग्रास सारखंच, हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. पहिली गोष्ट, जिलेटिन जनावराच्या कातड्या-हाडांपासून बनतं. ‘बिनअंड्याचा’ म्हणून मिरवणाऱ्या पदार्थात ते सांगितल्याशिवाय घालणं म्हणजे आजेसासूबाईंची फसवणूक. दुसरी गोष्ट कामाची. जिलेटिन गार पाण्यात फुगवायचं आणि हलकं गरम करून विरघळवायचं, उकळायचं नाही. चायनाग्रास समुद्री शेवाळातून निघतं आणि ते उकळल्याशिवाय विरघळतच नाही. निवताना ३५ ते ४० अंशांच्या आसपास ते घट्ट होतं, आणि पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. म्हणून तर चायनाग्रासचं पुडिंग भर उन्हाळ्यात टेबलावर टिकतं. पण हेच पातळ केलेलं चायनाग्रास गार क्रीम चीजमध्ये ओतलं, की ढवळायच्या आत त्याच्या शेवया होतात. तेवढ्याच मापात घातलं तर केक रबरासारखा होतो, कारण चायनाग्रासची पूड जिलेटिनपेक्षा बरीच कमी लागते. आणि खरं सांगायचं तर क्रीम चीज, व्हिपिंग क्रीम आणि खरं व्हाइट चॉकलेट असेल तर या दोन्हींची गरज नाही. चक्का वापरून खांब काढला, म्हणून हे टेकू द्यावे लागतात.

जिलेटिन घालणारच असाल तर वरून ताजा अननस किंवा किवी ठेवू नका. त्यांतली विकरं (एन्झाइम) जिलेटिन खाऊन टाकतात, आणि ताजा अननस तर दुधाच्या पदार्थालाही कडवट करतो. डब्यातला किंवा शिजवलेला चालतो. हापूस बिनधास्त.

फ्रीजरमध्ये तासभर ठेवल्याने काय होतं? कडा कडक, मधे खीर. कापायला घेतला की मधला भाग वाहतो. जास्त वेळ ठेवला तर पाण्याचे स्फटिक होतात, आणि बाहेर आल्यावर ते वितळून केक ओलसर, रवाळ लागतो. साध्या फ्रिजमध्ये किमान सहा तास, खरं तर रात्रभर. फ्रीजरचा उपयोग एकच: साच्यातून काढण्याआधी वीस मिनिटं ठेवला की कडा स्वच्छ सुटतात.

पोटाला हलका? खाली दिलेल्या मापाचा हिशोब मी केला: चॉकलेटचे १,०८० किलोकॅलरी, क्रीम चीजचे साधारण १,०५०, क्रीमचे ६८०, बिस्किटांचे ७२०, लोण्याचे ५४०. एकूण चार हजारांच्या वर. बारा तुकडे केले तरी एकेक ३४० च्या घरात. ओव्हन न लावल्याने गॅस वाचतो, कॅलरी नाही.

आणि दहा मिनिटं. हाताचं काम मला चाळीस मिनिटं लागतं, भांडी सोडून.

सात इंची, तळ सुटा होणाऱ्या साच्याचं माझं माप असं. १५० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा, ७५ ग्रॅम वितळलेलं लोणी. आपलं नेहमीचं खारं लोणी इथे उलट चांगलं लागतं. मारी घेतली तर लोणी १५-२० ग्रॅम जास्त, कारण मारीत चरबी कमी. वाटीच्या बुडाने दाबून बसवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ३०० ग्रॅम क्रीम चीज नुसतं मऊ होईपर्यंत फेटा, त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि थोडं व्हॅनिला. लिंबू चीजमध्येच घाला, चॉकलेटमध्ये नाही. का ते वर आलंच आहे. मग २०० ग्रॅम वितळवून निववलेलं व्हाइट चॉकलेट. शेवटी २०० मिली व्हिपिंग क्रीम, शेंडा किंचित वाकेल इतपत फेटून, उलथन्याने हलक्या हाताने मिसळा. साखर अजिबात नाही, ती चॉकलेटमध्ये हवी त्याहून जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा. प्रत्येक तुकड्याला पुन्हा बुडवा, पुन्हा पुसा. मावशीला हे सगळं टाइप करून पाठवलं. तिचं उत्तर आलं, ‘मग चक्का घातला तर?’