‘मॅकबेथ’चा पहिला प्रवेश गाळावा काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ या शोकांतिकेच्या आरंभावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : अनुप्रास, विरोधाभास ही वहीत लिहायची नावे आहेत, परभणीच्या नाट्यगृहातला प्रेक्षक ती ऐकायला येत नाही, चेटकिणींचा पहिला प्रवेश ही गडगडाट करून सभागृह शांत करण्याची युक्ती आहे, म्हणून आपल्या हौशी संस्थेच्या प्रयोगात तो गाळावा.

पहिल्या मुद्द्यामागचा वैताग मला समजतो. ओळ दिसली की अलंकार ओळखा, ही परीक्षेची सवय आपल्याला शाळेतच लागते आणि पुष्कळांची कविता तिथेच सुटते. पण ‘नाट्यशास्त्रा’त भरतमुनींनी उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चार अलंकार सांगितले ते वाचिक अभिनयाच्या विवेचनात, म्हणजे नटाच्या तोंडच्या भाषेचा विचार करताना. तेव्हा अलंकार हा रंगभूमीला परका आहे, हे मला मान्य नाही.

आता तो प्रवेश पाहू. ओळी जेमतेम डझनभर. पुन्हा कधी भेटायचे, या प्रश्नाने नाटक उघडते; म्हणजे आपण आत येतो तेव्हा त्या तिघींची भेट संपत आलेली असते. लढाई हरून आणि जिंकून झाली की, सूर्य मावळण्यापूर्वी, माळरानावर, असे उत्तर मिळते आणि भेटायचे कोणाला, तर मॅकबेथला. नायकाचे नाव आपल्या कानावर प्रथम पडते ते यांच्या तोंडून. त्यांच्या बहुतेक ओळी सात अक्षरांच्या, पहिल्याच अक्षरावर आघात घेणाऱ्या आहेत, तर पुढे राजा आणि सरदार मुख्यतः दहा अक्षरांच्या संथ ओळींत बोलतात. गोंधळात संबळाचा ठेका सुरू झाला की शब्द कळण्याआधीच अंगाला काहीतरी कळते, तसे इथे होते. ही लय कोणाची, हे प्रेक्षकाला नाव न सांगता कळते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र विरोधाभासाची आहे. ‘चांगले ते वाईट, वाईट ते चांगले’ अशा अर्थाची ओळ म्हणत चेटकिणी धुक्यात नाहीशा होतात. दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी राजा डंकन, कॉडॉरच्या फितूर सरदाराचा किताब मॅकबेथला देताना, त्याने गमावले ते मॅकबेथने जिंकले, असे म्हणतो. हरणे आणि जिंकणे ही चेटकिणींचीच जोडी आता भल्या राजाच्या तोंडी आली आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या प्रवेशात मॅकबेथ प्रथम रंगमंचावर येतो आणि त्याचे पहिलेच वाक्य असे, की इतका वाईट आणि इतका चांगला दिवस मी पाहिलेला नाही. तो बोलतो हवेविषयी आणि विजयाविषयी. चेटकिणी त्याला अजून भेटलेल्याही नाहीत, तरी त्यांचे शब्द त्याच्या जिभेवर आहेत. हे फक्त प्रेक्षकाला ठाऊक असते, त्याला नसते. या शोकांतिकेतला थरकाप इथूनच सुरू होतो, खून पुष्कळ पुढे आहे.

पहिला प्रवेश गाळलात, तर राजाचे वाक्य साधा न्यायनिवाडा उरेल आणि मॅकबेथचे वाक्य हवामानावरचा शेरा. चेटकिणी तिसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीला येतातच, हे खरे. पण हे शब्द त्या तिथे उच्चारत नाहीत. विरोधाभास हे नाव प्रेक्षकाला माहीत असण्याची गरज नाही. ती ओळ त्याच्या कानात आधी पडलेली असली की पुरे.

गडगडाटाबद्दल आपण म्हणता ते रास्त आहे. आवाज इतका मोठा ठेवू नये की शब्दच बुडतील. आपल्या तालमीत एकदा पहिले तीन प्रवेश सलग वाचून पाहावेत, मग पहिला वगळून. दोन्ही वेळा मॅकबेथचे पहिले वाक्य म्हणणारा नट एकच असू द्यावा. त्यानंतरही तो प्रवेश गाळावासा वाटला, तर त्याची कारणे मला अवश्य कळवावीत.