एक पूर्णांक तीन दशांश

उन्हाळ्यात कॉलेजचा वर्ग लावला म्हणजे पोरगं कुठंतरी गचकलंय, हे बेळगावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे आमची थोरली जुलैत तीन आठवड्यांचा समर कोर्स करायला जर्मनीला चाललीय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी कुंपणापाशी येऊन हळूच विचारलं, "इतके विषय राहिले काय हो? खरं हुशार होती की पोरगी."

मी समजावलं. तिथलं उन्हाळी सत्र जुलैच्या मध्यावर आटपतं आणि हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. मधल्या मोकळ्या दिवसांत काही विद्यापीठं बाहेरच्या पोरांसाठी छोटे कोर्स काढतात. शेवटी परीक्षा असते, पास झालं की क्रेडिट मिळतात, आणि ते इथल्या पदवीत धरले तर इथला एक ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या पसंतीनं निवडायचा विषय, वाचतो. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे एकच राहिलाय," त्या म्हणाल्या. त्यांना बरंच हलकं वाटलेलं दिसलं.

व्हिसासाठी रात्रीच्या गाडीनं बेंगळुरू गाठलं. प्रवास विमा निदान तीस हजार युरोंचा लागतो हे कळल्यावर आई म्हणाली, "पोरीला शिकायला पाठवतोयस की लढायला?" खिडकीवरच्या मुलीनं कागद उलटेपालटे करून पाहिले. पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम, मार्कशीटवर बेळगावी. "सर, ही दोन वेगळी गावं का?" आता गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आणि पोरगी त्याच्या बरीच आधी जन्मली, एवढं सांगून भागलं असतं. खरं ह्या गावाचं नेमकं काय, हा प्रश्न आमच्याकडे १९५६ पासून चालू आहे आणि २००४ पासून तर तो सुप्रीम कोर्टात आहे. तोंड उघडलं तर मी थांबणार नाही, हे पोरीला माहीत होतं. तिनं माझ्या पायावर पाय दिला. "एकच गाव," मी म्हणालो.

निघताना आईनं प्रोफेसरसाठी कुंद्याचा डबा भरला होता. बाहेरून येणाऱ्यांना सामानात दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे, कुंदा तर नखशिखांत दूधच. डबा घरीच राहिला आणि प्रोफेसरांच्या वतीनं आम्ही तो संपवला. पुढचे तीन आठवडे चांगले गेले, म्हणून त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. इथं धो धो पाऊस, तिथं रात्री नऊ वाजता ऊन, आणि वसतिगृहात पंखाच नाही अशी तक्रार.

मग निकाल लागला. एक पूर्णांक तीन दशांश.

पोरीनं मेसेजमध्ये तीन नाचणाऱ्या बाहुल्या पाठवल्या होत्या. आईनं आकडा तेवढा वाचला आणि देवघराकडे वळली. जर्मनीत एक हा सर्वांत वरचा गुण, चारपर्यंत पास आणि पाच म्हणजे नापास, हे मी तिला सांगेपर्यंत आकडा कुंपण ओलांडून गेला होता. संध्याकाळी काकू थालीपीठ घेऊन आल्या. कुणाच्या घरी काही वाईट झालं की त्या थालीपीठ आणतात. "पहिल्यांदाच गेली नव्हं," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला दोन-तीन तरी पडतील."

खरा कोर्स सुरू झाला तो पोरगी परत आल्यावर, आणि तो मी केला.

कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कनं गुणपत्रक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि हळहळून म्हणाला, "सर, ह्यो फेल अल्ला?" मी त्याला जर्मन पद्धत सांगितली. त्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं ते, नापास पोरांचे बाप काय काय सांगतात ह्याचा दांडगा अनुभव असलेल्या नजरेनं. मग मी सूत्र काढलं. परदेशी गुण जर्मन पद्धतीत बसवायला तिकडे एक सूत्र वापरतात, बव्हेरियन म्हणतात त्याला. तेच उलटं फिरवायचं. आपल्याकडे कमाल दहा, पासाला चार. मी त्याच्याच पॅडवर गणित मांडलं, उत्तर आलं नऊ पूर्णांक चार. क्लार्कनं ते दोनदा तपासलं. एकाहून जरा जास्त गुण पडलेली पोरगी पाच ओळींत नवाच्या वर गेलेली त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. "समितीपुढं ठेवावं लागंल," तो म्हणाला. "नाळे बन्नी."

नाळे म्हणजे उद्या. कुठला उद्या, ते विचारायची पद्धत नाही.

समितीला गुणांपेक्षा क्रेडिटांनी घोळात घेतलं. कोर्स पाच युरोपीय क्रेडिटांचा. तिकडे एका क्रेडिटाला पंचवीस ते तीस तास धरतात, आणि त्यात खोलीवर बसून केलेला अभ्यासही आला. आपल्याकडे सत्रभरात पंधरा तास वर्गात बसलं की एक क्रेडिट. समितीनं पोरीचे वर्गातले तास मोजले, पंचेचाळीस निघाले. घरी केलेला अभ्यास कुणी पाहिला? बँकेत एका युरोचे शंभराच्या घरात रुपये येतात, इथं पाचाचे तीन आले. जाण्यापूर्वी आम्ही प्राचार्यांचं पत्र घेतलं होतं, नाही असं नाही. "क्रेडिट नियमानुसार ग्राह्य धरण्यात येतील." समितीनं ते पत्र कौतुकानं वाचलं आणि नियम शोधायला घेतला.

क्रेडिट साठवायला सरकारनं २०२१ पासून ऑनलाइन बँक काढलीय. पण बँक असली तरी खातेदारानं स्वतः भरणा करायचा नाही, तो संस्थेनंच करायचा. आणि संस्थेला जर्मन गुणपत्रकावर शाईचा गोल शिक्का हवा होता. गुणपत्रक संगणकी, त्याखाली सहीशिवाय वैध असल्याची ओळ. क्लार्क म्हणाला, "सहीशिवाय वैध आहे, असं लिहून त्याखाली सही आणा."

पोरीनं तिकडे ईमेल केला. तिथल्या बाईंनी काहीही न विचारता सही केली, शिक्का मारला आणि पाकीट टपालात टाकलं. ते येईपर्यंत इकडे परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख आली. क्रेडिट जमा नव्हते, म्हणून पोरीनं तोच इलेक्टिव्ह इथंही घेतला, वर्ग केले, परीक्षा दिली आणि पासही झाली. तिला आठ पडले. त्यानंतर पाकीट आलं आणि समितीनं जर्मनीचे तीन क्रेडिटही मंजूर करून टाकले.

आता तिच्या नावावर एकाच जागी दोन विषय आहेत आणि संगणक तिचा निकाल दाखवत नाही. क्लार्कनं आपणहून फोन केला, माणूस मनानं चांगला आहे. एक विषय रद्द करावा लागेल म्हणाला, कुठला तो अर्जात लिहून द्या, बापाची सही पाहिजे. मी इथला रद्द करा असं लिहून दिलं. अर्ज त्यानं घेतला, वाचला, फायलीत लावला. पास झालेला विषय रद्द करा म्हणून आजवर कुणी आलेलं नाही, त्यामुळं त्याला नियम नाही, म्हणून तो समितीपुढं ठेवावा लागंल.