पुढचं गेट-टुगेदर कोणाच्याच घरी नको

आमच्या डॅलसकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "या महिन्यात कोणाकडे भेटायचं?" असा मेसेज पडला की पाच मिनिटांत एखादी वहिनी "आमच्याकडे या" असं लिहिते. तिचे पुढचे तीन दिवस कसे जातात हे ग्रुपमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. गुरुवारी रात्री मटकी भिजत घालायची. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर परस्पर इंडियन ग्रोसरी आणि कॉस्टको. शनिवारी सकाळी कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात त्या दुपारी तीनपर्यंत. मधल्या वेळात बाथरूम घासायचं, वरच्या गेम रूममधला पसारा आवरायचा, अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे ओव्हनमध्ये गरम ठेवायचे. पाच वाजता बेल वाजते तेव्हा ती कपडे बदलून दारात हसत उभी असते. रात्री अकराला सगळे गेले की तिच्या लक्षात येतं, आज आपलं कोणाशीच धड बोलणं झालं नाही.

पॉटलक केलं की काम वाटलं जातं, असं आमचे पुरुष मित्र म्हणतात. वाटलं जातं हे खरं, पण बायकाबायकांत. दहीवडे एकीकडे, मसालेभात दुसरीकडे, गोड तिसरीकडे. जिच्या घरी जमायचं तिच्या वाट्याला साफसफाई, ताटं-वाट्या आणि उरलेलं अन्न डब्यांत भरून देणं राहतंच.

मला मनापासून वाटतं की ही पद्धत आता बदलावी. नुसतं भेटायचं असेल, गप्पा मारायच्या असतील, तर बाहेर जेवायला जावं. तेही सहा ते आठ जणांनी, एखाद्या गजबजलेल्या अमेरिकन रेस्टॉरंटमध्ये. इंडियन बुफेला गेलं की पनीर घरच्यासारखं नाही, डाळीला फोडणी बरोबर नाही, इथपासून सुरुवात होते आणि बोलणं फिरून स्वयंपाकघरातच येतं. स्टेकहाउसमध्ये किंवा ग्रिलवर तसं होत नाही. तिथल्या जेवणाची तुलना करायला आपल्यापैकी कोणाकडे काही नसतंच.

आम्ही मैत्रिणी आणि आमची घरची मंडळी बऱ्याचदा टेक्सास रोडहाउसला जातो. नाव टेक्सासचं असलं तरी हे रेस्टॉरंट टेक्सासमधलं नव्हे. केंट टेलर यांनी १९९३ मध्ये इंडियानातल्या क्लार्क्सव्हिलमध्ये पहिलं उघडलं आणि मुख्यालय आजही शेजारच्या केंटकीत, लुईव्हिलला आहे. आत शिरलं की कंट्री संगीत मोठ्यानं चालू असतं. भाजलेल्या शेंगा मिळतात, त्या सोलत बसायचं. टेबलावर गरम ब्रेडचे रोल आणि दालचिनी घातलेलं लोणी मागायच्या आधीच येतं. मध्येच वेटर मंडळी हातातलं काम ठेवून रांगेत लाइन डान्स करतात. कुणाचा वाढदिवस असला तर त्याला घोड्याच्या खोगिरावर बसवून सगळं रेस्टॉरंट एकदम ओरडतं. एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवते. दाराशीच काचेच्या कपाटात कच्चे स्टेक मांडलेले असतात. ज्यांना ते बघवत नाही त्यांना बरोबर नेताना कल्पना द्या, म्हणजे आत शिरल्याशिरल्या मन खट्टू होणार नाही.

माझी आई इथे आली होती तेव्हा तिलाही आम्ही नेलं. आयुष्यभर सगळ्यांना वाढून झाल्यावर, तव्यावरची शेवटची पोळी घेऊन जेवायला बसणारी बाई. इथे सगळ्यांच्या थाळ्या एकदमच येतात, तशी तिचीही आली: भाजलेला बटाटा, मक्याचे दाणे, सॅलड. "सगळ्यांना आलं ना?" असं तिने तीनतीनदा विचारलं. मग जेवायला लागली, गरम गरम, आमच्याबरोबर. माझ्या मैत्रिणींना तिने तिच्या बँकेतल्या नोकरीच्या गोष्टी सांगितल्या, १९७० च्या दशकात मोठाल्या लेजरमध्ये हातानं नोंदी करत असत तेव्हाच्या. त्यातल्या निम्म्या मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या घरी इतक्या वेळा जेवणं झाली, पण ती दरवेळी ओट्याशी उभी असायची. तिला कोण विचारणार आणि ती कधी सांगणार?

बाहेर जाण्याला विरोध करणारे पहिला मुद्दा आवाजाचा काढतात. तो खोटा नाही. साधं बोलणं साठेक डेसिबलचं असतं आणि भरलेल्या रेस्टॉरंटमध्ये आवाज सहज ऐंशीच्या आसपास जातो. सिमेंटची जमीन, उघडं छत, उघडं स्वयंपाकघर, ना पडदे ना गालिचे, त्यामुळे आवाज शोषला जात नाही, नुसता घुमत राहतो. त्यात आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचाही आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी हे १९११ मध्ये मांडलं, आणि आजही याला त्यांच्याच नावानं ओळखतात. एक टेबल ओरडून बोलतं म्हणून दुसरं ओरडतं, त्यामुळे तिसरं. यावर उपाय आहेत. शनिवारी रात्री आठला जाऊ नका, मंगळवारी सहाच्या आत पोचा. स्पीकरपासून आणि बारपासून लांबची जागा मागा. आणि आठ जणांसाठी टेबलं जोडून लांबलचक रांग करून घेऊ नका, कारण मग या टोकाचं त्या टोकाला काहीच कळत नाही. समोरासमोरचे दोन बूथ, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाक असलेल्या जागा, मिळाले तर उत्तम.

पण आवाजाची तक्रार करताना आपल्या घरातली शनिवारची संध्याकाळ कशी असते हेही आठवावं. चाळीस माणसं. पुरुष हॉलमध्ये टीव्हीसमोर क्रिकेट किंवा व्हिसाच्या गप्पांत, बायका स्वयंपाकघरात मधल्या ओट्याभोवती उभ्या, मुलं वर गेम रूममध्ये. एकाच घरात तीन वेगळी संमेलनं. मित्राच्या बायकोशी मी वर्षानुवर्षं बोलते, पण मित्राशी? रेस्टॉरंटच्या बूथमध्ये नवरा-बायको, मित्र-मैत्रिणी सरमिसळ बसतात, कारण दुसरीकडे जायला जागाच नसते. आमच्या ग्रुपमधल्या एका अबोल दादांना बासरी येते हे मला अशाच एका बूथमध्ये कळलं. आमची ओळख तेव्हा जुनी झाली होती.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं. अमेरिकन मेनूवर "भाजी" दिसली म्हणून ती शाकाहारी असते असं नाही. टेक्सास रोडहाउसच्या फरसबीत बेकन असतं. गोड रताळ्यावर मार्शमेलो घालून मिळतात, त्यांत जिलेटिन असतं, तेव्हा रताळं नुसतं मागा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये बहुधा अँचोव्ही मासा असतो. टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सास-मेक्सिकन धाटणीच्या ठिकाणी बीन्स डुकराच्या चरबीत शिजवलेले असू शकतात आणि भात चिकनच्या पाण्यात. तळलेले कांदे-बटाटे ज्या तेलातून निघतात त्यातून चिकनही निघतं. हे सगळं बसल्याबसल्या स्पष्ट विचारायचं. विचारण्यात संकोच वाटण्याचं काही कारण नाही. अ‍ॅलर्जीमुळे असे प्रश्न इथे रोज विचारले जातात आणि वेटर आत जाऊन विचारून येतात. ज्यांना एका तेलातलं अजिबात चालत नाही, किंवा जे कांदा-लसूण खात नाहीत, त्यांच्यासाठी ही जागा नव्हे. त्या महिन्यात दुसरी जागा शोधू, त्यांना वगळून जायचं नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. टिप.

आपण घरातल्या बाईचे कष्ट वाचवायला बाहेर जातो. ते कष्ट नाहीसे होत नाहीत. ते दुसरं कोणीतरी करतं, आणि या देशात वेटरचं काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत. टेक्सासमध्ये टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान पगार तासाला २.१३ डॉलर आहे. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. आठ तासांची शिफ्ट केली तर १७ डॉलर ४ सेंट. टिप धरून तासाचे ७.२५ डॉलर भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा असा कायदा आहे, पण ७.२५ हा आकडासुद्धा २००९ पासून तिथेच आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन अशा सात राज्यांत टिपच्या आधीच पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. आपण राहतो त्या राज्यात नाही.

हे असं का, याचं मूळ फार मागे आहे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांना हॉटेलांनी आणि रेल्वे कंपन्यांनी कामावर ठेवलं, पण पगार जवळजवळ दिला नाही, गिऱ्हाइकांच्या बक्षिसीवर सोडलं. १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला तेव्हा रेस्टॉरंटमधले कामगार त्यातून बाहेर राहिले. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं, तेही टिप पगारात मोजायची मुभा मालकाला देऊन. म्हणजे पगाराचा मोठा भाग गिऱ्हाइकाने द्यायचा हे कायद्यातच लिहिलेलं आहे. व्यवस्था अन्यायाची आहे, बदलली पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण ती बदलेपर्यंत आपल्याला वाढणाऱ्या मुलीची टिप कापून मालकाला काहीही फरक पडत नाही.

आपल्यापैकी काही जण अजून दहा टक्के ठेवून उठतात, ते मला बघवत नाही. आठ जणांचं बिल २४० डॉलर झालं असं धरू. वीस टक्के म्हणजे ४८, माणशी ६ डॉलर. दहा टक्के दिले तर माणशी ३ वाचतात. त्या तीन डॉलरांनी आपलं काही अडत नाही. शिवाय मिळालेली टिप सगळी तिचीच नसते. टेबल पुसणाऱ्या मुलाला, बारवाल्याला त्यातून तिला वाटा द्यावा लागतो. आणि आपली मराठी मंडळी जेवण झाल्यावर हात वाळेपर्यंत गप्पा मारत बसतात. मलाही ते फार आवडतं, त्यासाठीच तर जायचं. पण त्या वेळात तिच्या टेबलावर दुसरं गिऱ्हाईक बसलं असतं. तासभर जास्त बसलो तर वीसचे पंचवीस टक्के करावेत. टिप करापूर्वीच्या रकमेवर काढली तरी चालते, इथल्या बऱ्याच शहरांत बिलावर ८.२५ टक्के कर लागतो. मोठ्या ग्रुपला बिलातच टिप लावतात अशा समजुतीवरही राहू नका. २०१४ पासून आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, अशी आपोआप लावलेली रक्कम टिप न धरता पगारात धरते, त्यामुळे बऱ्याच मोठ्या साखळ्यांनी ती लावणं सोडलं. बिल नीट वाचायचं, लावली असेल तर ठीक, नसेल तर द्यायची.

केंट टेलर यांनी मार्च २०२० मध्ये, रेस्टॉरंटं बंद पडायला लागली तेव्हा, स्वतःचा पगार आणि बोनस सोडून ते पैसे आपल्या कामगारांकडे वळवले. पुढच्याच वर्षी ते गेले. मालकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जे सुचलं ते टेबलाशी बसलेल्या आपल्याला सुचायला अवघड नाही.

पैशांचा दुसरा भाग आपसातला. "मी देतो, मी देतो" म्हणत बिलावर झडप घालायची आपली सवय प्रेमाची आहे, पण तिचं ओझं होतं. ज्या घरात एकच पगार आहे, जिथे बायको नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आहे आणि तिला कामाची परवानगी नाही, त्या माणसाला पुढच्या वेळी आठ जणांचं बिल भरायची वेळ येते, नाहीतर तो यायचंच टाळतो. म्हणून बसल्याबसल्या वेटरला सांगायचं, बिलं वेगळी करा. वेटर ऑर्डर कोणत्या खुर्चीची आहे ते बघूनच मशीनमध्ये टाकतात, त्यामुळे सुरुवातीला सांगितलं तर त्यांना काही त्रास नसतो. शेवटी सांगितलं तर होतो. मग ज्याला स्टेक घ्यायचाय त्याने स्टेक घ्यावा, ज्याला सूप आणि ब्रेडवर भागवायचंय त्याने भागवावं, कोणाला काही वाटायचं कारण नाही.

"एवढ्या पैशांत घरी चाळीस जण जेवतात," असं एका काकांनी ग्रुपवर लिहिलं. जेवतात. त्या हिशेबात काकूंचे तीन दिवस कुठे धरलेत, एवढंच मी त्यांना विचारलं. उत्तर काकूंचं आलं, आणि त्या येणार आहेत.

गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ हे घरीच व्हायला हवं. उकडीचा मोदक रेस्टॉरंटमध्ये मिळत नाही आणि मिळालाही तरी आरतीशिवाय तो गोड लागत नाही. त्या दिवशी मी स्वतः आनंदाने ओट्याशी उभी राहीन, आणि त्या दिवशी पुरुष मंडळींनीही सारण करायला यावं. माझं म्हणणं एरवीच्या शनिवारांबद्दल आहे.

तर पुढच्या महिन्यातला दुसरा मंगळवार धरू. टेक्सास रोडहाउसला टेबल आधी राखून ठेवत नाहीत, पण निघताना फोनवरून प्रतीक्षायादीत नाव टाकता येतं, ते मी टाकीन. ज्यांना यायचंय त्यांनी खाली कॉमेंटमध्ये लिहा, शाकाहारी किती, लहान मुलं किती तेही लिहा. आठाहून जास्त झालो तर दोन गट करू. सहाच्या आत पोचायचं, बिलं वेगळी, टिप वीस टक्के. आणि वहिनी, डबा आणू नका.